विश्लेषण : निन्टेंडोचा नवा ‘स्विच’ जुन्यापेक्षा किती सरस? वाशीमसारख्या जिल्ह्यात कोणता घेणे शहाणपणाचे?

निन्टेंडो या जपानी कंपनीचा ‘स्विच २’ हा हातात धरून खेळण्याचा गेम कन्सोल ५ जून २०२५ रोजी अनेक देशांत विक्रीला आला. पहिल्या चार दिवसांत त्याचे ३५ लाखांहून अधिक नग खपले, सप्टेंबरअखेर हा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. त्या देशांच्या यादीत भारत नाही. तरीही मुंबई-पुण्याची दुकाने, ऑनलाइन विक्रेते आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगा या तीन वाटांनी हे यंत्र देशात येते आणि यूट्यूबवर त्याची चित्रफीत पाहिलेल्या मुलाचा हट्ट वाशीम, रिसोड किंवा कारंजाच्या घरातही पोहोचतो. नवे घ्यावे की कुणी विकायला काढलेले जुने, हा प्रश्न तिथेच सुरू होतो. कागदावरच्या तुलनेत नवे यंत्र सहज जिंकते. पण विक्रीपश्चात सेवा नसलेल्या ठिकाणी ही तुलना वेगळ्या मापाने करावी लागते.

‘जुना स्विच’ म्हणजे नेमका कोणता?

बाजारात ‘जुना स्विच’ म्हणून जे विकले जाते, ते एकच यंत्र नाही. पहिला स्विच मार्च २०१७ मध्ये आला. त्याला ६.२ इंचांचा एलसीडी पडदा आणि ३२ जीबी साठवण होती. २०१९ मध्ये कंपनीने गाजावाजा न करता त्याच साच्यात सुधारित यंत्र आणले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. बॅटरीही तीच, ४,३१० एमएएचची. पण आतील चिप अधिक बारीक तंत्राने बनवलेली असल्याने वीज कमी खाते. परिणाम असा की, पहिल्या यंत्राची बॅटरी अडीच ते साडेसहा तास चालते, तर सुधारित यंत्राची साडेचार ते नऊ तास. त्याच वर्षी ‘स्विच लाइट’ हे लहान, टीव्हीला न जोडता येणारे यंत्र आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सात इंचांच्या ओएलईडी पडद्याचे आणि ६४ जीबी साठवणीचे यंत्र आले.

सेकंडहँड घेणाऱ्यासाठी २०१७ आणि २०१९ मधला फरक सर्वात महत्त्वाचा, कारण विकणारा तो सहसा सांगत नाही आणि अनेकदा त्यालाही तो माहीत नसतो. ओळखायची खूण मात्र सोपी आहे. यंत्राच्या खालच्या कडेवरील अनुक्रमांक ‘एक्सएडब्ल्यू’ या अक्षरांनी सुरू होत असेल तर ते पहिले यंत्र आणि ‘एक्सकेडब्ल्यू’ने होत असेल तर सुधारित. खोके शिल्लक असेल तर तेही बोलते. पहिल्याच्या खोक्यावर यंत्र धरलेला हात आहे, सुधारितच्या खोक्याची पार्श्वभूमी पूर्ण लाल आहे. दोन्ही एकाच भावात विकायला असतील, तर पहिले घेण्याचे काही कारण नाही.

नव्यात बदलले काय?

बरेच काही. पडदा ७.९ इंचांचा झाला आणि त्यावरील चित्राची स्पष्टता ७२० वरून १,०८० रेषांवर गेली. जुना पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवू शकत होता, नवा १२० पर्यंत दाखवतो. टीव्हीला जोडल्यावर जुना १,०८० रेषांवर थांबत असे, नवा ‘फोर-के’पर्यंत जातो. कार्यस्मृती, म्हणजे रॅम, ४ जीबीवरून १२ जीबी झाली आणि साठवण २५६ जीबी. दोन्ही यंत्रांतील चिप एनव्हिडिया कंपनीची. नव्या चिपमध्ये कमी स्पष्टतेचे चित्र गणिताने मोठे व रेखीव करण्याची सोय आहे. त्यामुळे पूर्वी महागड्या संगणकांवर किंवा प्लेस्टेशनवर चालणारे ‘सायबरपंक २०७७’सारखे जड गेम आता हातातल्या यंत्रावर चालतात.

बाजूचे दोन नियंत्रक, ज्यांना ‘जॉय-कॉन’ म्हणतात, पूर्वी खाचेत सरकवून बसत. आता ते चुंबकाने चिकटतात आणि टेबलावर आडवे ठेवून संगणकाच्या माऊससारखेही वापरता येतात. वजन ३९८ ग्रॅमवरून ५३४ ग्रॅमवर गेले, जाडी मात्र तेवढीच राहिली. लहान मुलांच्या मनगटाला हे सव्वाशे-दीडशे ग्रॅम जाणवतात.

एका बाबतीत नवे यंत्र मागे गेले आहे. ओएलईडी पडद्यावर काळा रंग खरोखर काळा दिसतो, कारण तिथे तेवढे ठिपके विझलेलेच असतात. स्विच २ मध्ये कंपनी पुन्हा एलसीडीकडे वळली. दिवसा फरक कळत नाही, पण रात्री दिवे मालवून खेळणाऱ्याला कळतो.

जुने गेम नव्या यंत्रावर चालतात का, ही पहिली शंका असते. बहुतेक चालतात, काही मोजके अडतात. काही गेमना नव्या यंत्रासाठी मोफत सुधारणा मिळाल्या, तर ‘झेल्डा’ मालिकेतील दोन गाजलेल्या गेमच्या सुधारित रूपासाठी अमेरिकेत प्रत्येकी जवळपास दहा डॉलर वेगळे मोजावे लागतात. उलट प्रवास मात्र नाही. नव्या यंत्रासाठीचे कार्ड जुन्यात चालत नाही.

बॅटरीचे गणित उलटे का?

नव्या यंत्राची बॅटरी ५,२२० एमएएचची, म्हणजे जुन्यापेक्षा मोठी आहे. तरी कंपनीनेच सांगितलेली तिची मुदत दोन ते साडेसहा तास आहे. २०१९ च्या सुधारित स्विचची आणि ओएलईडीची मुदत साडेचार ते नऊ तास. मोठा पडदा आणि ताकदवान चिप ही वाढीव वीज खाऊन टाकतात. जड गेम खेळताना नवे यंत्र दोन-अडीच तासांत चार्जर मागते.

घरी चोवीस तास वीज असणाऱ्याला याचे काही वाटणार नाही. पावसाळ्यात वारा सुटला की फिडर जातो, अशी गावे असलेल्या जिल्ह्यात हा आकडा पडद्याच्या स्पष्टतेपेक्षा अधिक उपयोगाचा आहे. वाशीमहून अकोला किंवा हिंगोलीच्या एसटीत, पूर्णेच्या गाडीत किंवा समृद्धी महामार्गाने पुण्या-मुंबईकडे निघालेल्या ट्रॅव्हल्समध्ये वेळ काढण्यासाठी ज्याला हे यंत्र हवे आहे, त्याच्यासाठीही तेच.

चार्जरबद्दल एक बारकावा. निन्टेंडोचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे भारतीय विजेवर ते जळत नाहीत. फक्त पिनेचा आकार वेगळा असल्याने जोडपीन लागते. मात्र जुन्या स्विचच्या चार्जरने नवे यंत्र चार्ज होत असले तरी त्यावर त्याचा टीव्ही-डॉक चालत नाही आणि जुन्या डॉकमध्ये नवे यंत्र बसवता येत नाही. घरात जुना संच आहे म्हणून नुसते यंत्र स्वस्तात घेणाऱ्याचा इथे हिशेब चुकतो.

कार्ड आहे, पण त्यात गेम आहे का?

दोन्ही यंत्रांतील सर्वात खोल फरक कुठल्याही तपशीलपत्रात ठळक छापलेला नाही. तो गेमच्या कार्डात आहे.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची ‘कॅसेट’ ज्यांनी फुंकर मारून बसवली, त्यांना कार्डाचा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. कॅसेट ज्याच्या हातात, गेम त्याचा. ती शेजारच्याला देता येत असे, बदलून घेता येत असे, कंटाळा आला की विकता येत असे. स्विचचे कार्ड नखाएवढे असले तरी २०१७ पासून बहुतांश व्यवहार असाच होता. गेम कार्डात असे. इंटरनेट नसलेल्या घरातही कार्ड बसवले की खेळ सुरू होई.

स्विच २ बरोबर कंपनीने ‘गेम-की कार्ड’ आणले. त्याचे खोके दुकानात नेहमीसारखेच मिळते, आत कार्डही असते. पण त्या कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते. पहिल्यांदा कार्ड घातल्यावर संपूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. त्यानंतर खेळायला इंटरनेट लागत नाही, पण कार्ड आतच ठेवावे लागते. म्हणजे साठवणही आपली खर्च होते आणि कार्डही सांभाळायचे. हे कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येते, एवढा जुन्या व्यवहाराचा अंश शिल्लक आहे. खोक्याच्या पुढच्या बाजूला किल्लीचे चिन्ह असते, ते पाहूनच पैसे द्यावेत. कंपनीचे स्वतःचे ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ किंवा ‘डाँकी काँग बनान्झा’ पूर्ण कार्डात मिळतात, ‘सायबरपंक’ही मिळतो. पण इतर कंपन्यांनी अनेक गेमसाठी किल्लीचाच मार्ग धरला, कारण मोठ्या क्षमतेचे कार्ड त्यांना महाग पडते.

‘स्ट्रीट फायटर ६’ हा असाच किल्लीवाला गेम, जवळपास ५० जीबीचा. घरात फायबरची जोडणी असेल तर तो एका दुपारी उतरतो. मोबाइलच्या रोज दोन जीबीच्या पॅकवर तोच गेम उतरवायचा म्हटले तर २५ दिवसांचा डेटा लागतो. दीड जीबीच्या पॅकवर महिन्याहून जास्त. फाइव्ह-जीच्या अमर्याद योजनेत हे गणित सुटते, पण ती लहर मालेगाव किंवा मानोऱ्याच्या प्रत्येक गावात सारखी पोहोचते असे नाही. शिवाय स्विच २ विकत घेतल्यावर जुने गेम चालवण्यासाठीही आधी एक अपडेट उतरवून घ्यावे लागते. खोक्यातून काढले आणि खेळले, अशी ही वस्तू राहिलेली नाही.

साठवणीचेही तसेच. जुन्या स्विचमध्ये मोबाइलमधले साधे मायक्रोएसडी कार्ड चालते, जे तालुक्याच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. नव्यात गेम ठेवायचे तर ‘मायक्रोएसडी एक्स्प्रेस’ हेच कार्ड लागते. ते कित्येक पट वेगवान, महाग आणि लहान गावात सहज न मिळणारे. जुने कार्ड नव्यात घातले तर त्यातून फक्त छायाचित्रे आणि चित्रफिती घेता येतात.

उतरवलेला गेम किती वर्षे आपला?

या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो फारसा धीर देणारा नाही. सोनी कंपनीने भारतात अधिकृतपणे विकलेला ‘पीएसपी’ अनेकांना आठवत असेल. २००७ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या अवताराचे वजन २८० वरून १८९ ग्रॅमवर आले, स्मृती दुप्पट झाली आणि जुन्या चकत्या त्यात चालत राहिल्या. तो बदल ग्राहकाच्या बाजूचा होता. २००९ मध्ये त्याच सोनीने ‘पीएसपी गो’ आणला. त्यात चकती घालायची जागाच नव्हती, सगळे गेम उतरवूनच घ्यायचे. ज्यांच्याकडे आधीच्या चकत्या होत्या, त्यांना त्या नव्या यंत्रात वापरण्याची सोय मिळाली नाही. ग्राहकांनी पाठ फिरवली. पुढे जुलै २०२१ मध्ये सोनीने पीएसपीवरील खरेदीची सोय बंद केली. निन्टेंडोने ‘थ्रीडीएस’ आणि ‘वी यू’ या आधीच्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानातील खरेदी मार्च २०२३ मध्ये थांबवली. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतात, पण ‘सध्या’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे.

पूर्ण कार्ड या सगळ्यातून सुटते. पंधरा वर्षांनी यंत्र चालू असेल, तर कार्डही चालेल. किल्लीच्या कार्डाला त्या दिवशी कंपनीचा सर्व्हर जिवंत असावा लागेल.

याला जोड आहे कराराची. मे २०२५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेतील वापरकरारात अशी तरतूद घातली की, ग्राहकाने यंत्रात छेडछाड केली किंवा चोरीचे गेम चालवले, तर कंपनी ते यंत्र पूर्ण किंवा अंशतः कायमचे निकामी करू शकते. छेडछाड करणाऱ्यांविरुद्ध कारवाई समजण्यासारखी आहे. प्रश्न सेकंडहँड घेणाऱ्याचा आहे. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. आधीच्या मालकाने त्याची नक्कल करून ठेवली आणि दोघेही ऑनलाइन आले, तर निर्दोष खरेदीदाराच्या यंत्रावरही बंदी येऊ शकते. २०२५ मध्ये परदेशात अशा तक्रारी पुढे आल्या, कार्ड खरे असल्याचे दाखवल्यावर बंदी उठल्याचेही वृत्त होते. पण तो पुरावा ज्या ग्राहक सेवेला द्यायचा, ती भारतात नाही.

किंमत किती आणि जुने स्वस्त झाले का?

२०२५ मध्ये अमेरिकेत स्विच २ ची किंमत ४४९.९९ डॉलर होती, म्हणजे करांआधी सुमारे ३९ ते ४० हजार रुपये. भारतात येईपर्यंत त्यावर आयातीचा खर्च आणि विक्रेत्याचा नफा चढतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. सोयाबीनवर घर चालवणाऱ्या जिल्ह्यात हे यंत्र अमेरिकी भावातही साधारण साडेसात क्विंटलचे झाले. बाजार समितीत हमीभावापेक्षा कमी मिळत असेल तर आणखी एक-दोन क्विंटल वाढवावेत. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ हा एकटा गेम तिथे ७९.९९ डॉलरला आहे, म्हणजे सात हजारांच्या घरात. यंत्र एकदाच घ्यावे लागते, गेम पुन्हा पुन्हा. घरच्यांना पटवताना हा दुसरा खर्च सहसा सांगितला जात नाही.

नवे आले की जुने स्वस्त होते, हा मोबाइलच्या बाजारातला अनुभव इथे लागू पडला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेत बाजारस्थितीचे कारण देत जुन्याच यंत्रांच्या किमती वाढवल्या. साधा स्विच ३००वरून ३४० डॉलरवर आणि ओएलईडी ३५०वरून ४०० डॉलरवर गेला. म्हणजे नवीन कोऱ्या ओएलईडी आणि स्विच २ मध्ये तिथे तेव्हा फक्त ५० डॉलरचे अंतर उरले. त्यामुळे जुने यंत्र नवे कोरे घेण्यात फायदा राहिलेला नाही. फायदा असलाच तर चांगल्या स्थितीतील वापरलेल्या यंत्रात आहे.

जपानचा स्वस्त संच का टाळावा?

जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारांत मिळतो. २०२५ मध्ये एक ४९,९८० येनला होता, म्हणजे तीस हजार रुपयांच्या आत. दुसरा ६९,९८० येनला. यंत्र तेच, फरक भाषेचा. स्वस्त संचात फक्त जपानी भाषा आहे आणि तो केवळ जपानमध्ये नोंदवलेल्या खात्यालाच जोडता येतो. येन घसरलेला असताना परदेशी लोकांनी स्वस्तात यंत्रे उचलू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. त्यामुळे ‘बाजारभावापेक्षा दहा हजारांनी कमी’ अशी जाहिरात दिसली तर पहिला प्रश्न भाषेचा विचारावा. यंत्र सुरू करून भाषेची यादी दाखवायला सांगणे एवढीच त्याची तपासणी. ती टाळणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नये.

बिघडले तर कुठे न्यायचे?

जुन्या स्विचचा सर्वात कुप्रसिद्ध दोष म्हणजे ‘ड्रिफ्ट’. नियंत्रकाची दांडी न हलवताही पडद्यावरचा खेळाडू आपोआप सरकू लागतो. दांडीखालील संपर्कपट्टी झिजल्याने हे होते. जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती. नव्या यंत्रात झीज न होणाऱ्या चुंबकीय संवेदकांची दांडी येईल अशी अपेक्षा होती. तशी ती आली नाही, असे कंपनीनेच स्पष्ट केले. काही वर्षांनी नवे यंत्रही हाच त्रास देईल का, ते काळच दाखवेल.

दुरुस्तीत मात्र जुने यंत्र पुढे आहे. त्याचे सुटे भाग वर्षानुवर्षे ऑनलाइन मिळतात. मोबाइल उघडणारा कुशल कारागीर योग्य स्क्रूड्रायव्हर असेल तर जुन्या जॉय-कॉनची दांडी बदलू शकतो. स्विच २ उघडून पाहणाऱ्या ‘आयफिक्सिट’ या संस्थेने त्याला दुरुस्तीसुलभतेत दहापैकी तीनच गुण दिले. बॅटरी घट्ट चिकटवलेली आहे आणि दांडीपर्यंत पोहोचणे अवघड आहे.

भारतात अधिकृत विक्री नसल्याने कंपनीची वॉरंटी इथे मागता येत नाही. दुकानदार ‘एक वर्ष वॉरंटी’ म्हणतो, तेव्हा ती त्याच्या दुकानाची असते. व्हिडिओ गेमची उपकरणे २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत, हेही ग्राहकाने लक्षात ठेवावे. अनधिकृत वाटेने आलेल्या यंत्रावर ती खूण नसते.

मग ग्राहक वाऱ्यावरच असतो का? नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने एक मोठी सोय केली आहे. विक्रेता मुंबईचा असो की दिल्लीचा, ग्राहक ज्या जिल्ह्यात राहतो तिथल्याच आयोगात तक्रार करू शकतो. म्हणजे मंगरुळपीरच्या माणसाला वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीचे शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. पण या सगळ्याला बिल हवे. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ हा सौदा करणारा ग्राहक त्या दोन हजारांत आपला हक्क विकतो. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या वापरलेल्या यंत्राबाबत हा मार्ग जवळपास बंदच असतो. तिथे तपासणी हाच विमा.

भारतात गेम बनतो, यंत्र का विकले जात नाही?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने बनवलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांच्या पार्श्वभूमीवरचा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम निन्टेंडो स्विचवरच प्रसिद्ध झाला. ज्या यंत्रावर तो आधी आला, ते बनवणाऱ्याच्या देशात अधिकृतपणे मिळत नव्हते आणि आजही मिळत नाही. निन्टेंडोचे भारतासाठी ऑनलाइन दुकानही नाही. इथले खेळाडू खात्यावर दुसरा देश लावतात आणि त्या देशाची गिफ्ट कार्डे घेऊन गेम घेतात. यात प्रत्येक टप्प्यावर मध्यस्थाचा नफा आहे.

अधिकृतपणे मिळणारे पर्याय आहेत, पण वेगळ्या जातीचे. एसूसचा ‘आरओजी अॅलाय’ जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. तो खरे तर हातात मावणारा विंडोज संगणक आहे. सोनीचा ‘प्लेस्टेशन पोर्टल’ सप्टेंबर २०२४ मध्ये १८,९९० रुपयांना आला, पण घरात प्लेस्टेशन ५ आणि चांगले वायफाय नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. आणि पाचशे-हजार रुपयांत ऑनलाइन मिळणारी ‘चारशे गेम एकात’ छापाची डबी आहेच. तिचे गेम बहुधा विनापरवाना असतात, पण लहान मुलाची हौस तेवढ्यात भागते, हेही नाकारता येत नाही.

ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याने यावर बंदी येते का?

येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेला कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालतो. विकत घेतलेला गेम कन्सोलवर खेळणे त्यात मोडत नाही. उलट, मुलाच्या हातातील मोबाइलमध्ये पैसे जिंकण्याच्या आमिषाचे अॅप असण्यापेक्षा कार्डावरचा गेम पालकांना अधिक नजरेत ठेवता येतो. दोन्ही स्विचना खेळण्याच्या वेळेवर मर्यादा घालणारे, पालकांच्या मोबाइलवरचे मोफत अॅप आहे.

मग कोणी काय घ्यावे?

ज्याच्या घरी फायबर आहे, परदेशात विश्वासू नातेवाईक आहे आणि ज्याला नवे जड गेमच खेळायचे आहेत, त्याने स्विच २ घ्यावा. नातेवाइकाने बहुभाषी संच, डॉक आणि चार्जरसह आणावा, बिल जपून ठेवावे आणि निघण्यापूर्वी तिथेच एकदा सुरू करून पाहावा. सदोष निघाला तर बदलून तिथेच मिळतो.

इतर बहुतेकांसाठी २०१९ चा सुधारित स्विच किंवा ओएलईडी, तोही वापरलेला, हाच आजचा योग्य सौदा दिसतो. बॅटरी जास्त चालते, साधे मेमरी कार्ड चालते, वापरलेली पूर्ण कार्डे मिळतात आणि दुरुस्तीची आशा असते. नवे गेम थांबले असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मधील ‘पोकेमॉन लेजेंड्स झेड-ए’ आणि डिसेंबरमधील ‘मेट्रॉइड प्राइम ४’ जुन्या स्विचसाठीही निघाले. हा ओघ हळूहळू आटत जाईल, पण आठ वर्षांत साठलेली गेमची यादी एका मुलाच्या बालपणाला पुरून उरेल एवढी आहे. पुढे-मागे स्विच २ घेतलाच, तर ही कार्डे त्यातही चालतील.

वापरलेले यंत्र घेताना पाच मिनिटे पुरतात. अनुक्रमांक पाहावा. दोन्ही दांड्या सोडून देऊन पडद्यावर काही सरकते का ते सेटिंगमधील तपासणीत बघावे. कार्ड घालून गेम सुरू करावा. वायफायला जोडून ऑनलाइन दुकान उघडते का पाहावे, कारण बंदी घातलेले यंत्र तिथेच अडते. जुन्या मालकाचे खाते त्याच्याच हातून काढून घ्यावे. शेवटी चार्जर लावून बॅटरीचा आकडा खरोखर वर चढतो आहे का, ते पाहूनच पैसे द्यावेत.